हौस म्हणा, गरज म्हणू नका

घरात बाळ येणार ही बातमी आजी-आजोबांच्या पाठोपाठ कळते ती आपल्या फोनला. एकदा ‘गरोदरपणात काय खावं’ असं शोधलं की पुढच्या आठवड्यापासून याद्या सुरू होतात. ‘नव्या बाळासाठी आवश्यक पंचवीस वस्तू.’ ‘हॉस्पिटलला निघण्याआधी हे घेतलंत का?’ त्यात क्रिब असतो, क्रिबच्या कडेने बांधायच्या गुबगुबीत गाद्या असतात, स्ट्रोलर, स्टरिलायझर, सहा बाटल्यांचा संच, वॉकर, बेबी मॉनिटर, ओले वाइप्स कोमट ठेवणारं यंत्र, आणि डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी. खाली लिहिलेलं असतं, ‘लिंक बायोमध्ये’.

कुणी काय विकावं आणि कुणी काय घ्यावं याच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ‘आवश्यक’ या शब्दाशी. तो इतका सैल वापरला जातोय की त्याने दोन घरांचं नुकसान होतं. ज्या घरात पैसा आहे तिथे तो नको त्या वस्तूंवर जातो, आणि जी एखादी वस्तू खरोखर जीव वाचवू शकते तिला ‘हे काय नवीन चोचले’ म्हणून वगळलं जातं. ज्या घरात पैसा नाही तिथे आईबापाला वाटायला लागतं की आपण कमी पडतोय.

दुसरं नुकसान मला जास्त खुपतं, कारण ते मी आमच्या भोर-वेल्ह्यात बघतो. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण बोलताना आमच्या तोंडी अजून वेल्हेच येतं. तोरण्याच्या पायथ्याला नेटवर्कच्या दोन दांड्या आल्या की तिथेही तीच रील दिसते जी बाणेर-हिंजवडीत दिसते. माझी मामेबहीण तिकडे असते. थोडं भात, दोन म्हशी, डेअरीला दूध. तिचा मुलगा सात महिन्यांचा झाला तेव्हा तिचा फोन आला, “दादा, वॉकर कुठल्या कंपनीचा चांगला रे? सगळे म्हणतात नाही घेतला तर पोरगं उशिरा चालेल.” पैसे ती बचत गटातून उचलणार होती. माझ्यासारखा पगारदार माणूस चार वस्तू जास्त घेतो तेव्हा फार तर घरात अडगळ वाढते. तिच्यासाठी तोच शब्द कर्ज होऊन येतो.

आणि कर्ज कशासाठी, तर जी वस्तू विकायलाच कॅनडाने २००४ साली बंदी घातली त्या वस्तूसाठी. विक्री, आयात, जाहिरात, सगळंच बंद. जुना वॉकर शेजाऱ्याला विकणंसुद्धा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना अनेक वर्षं तिथेही अशीच बंदी मागते आहे. कारण साधं आहे. वॉकरमधलं बाळ एका सेकंदात तीन फुटांहून जास्त अंतर जाऊ शकतं. चुलीकडे, उंबऱ्याकडे, ओट्याच्या कडेला, पायऱ्यांकडे. आपण ‘अरे’ म्हणेपर्यंत ते पोचलेलं असतं. शिवाय वॉकरने मूल लवकर चालतही नाही, उलट उशीर होऊ शकतो. कारण तोल सावरायचं काम त्याच्या पायांना आणि पाठीला करावंच लागत नाही. आपला जुना लाकडी पांगुळगाडा यापेक्षा शहाणा होता. त्यात मूल बसत नाही, उभं राहून तो ढकलतं. पाय थांबले की गाडाही थांबतो. तोसुद्धा आवश्यक नाहीच. मूल चालायला शिकतं ते जमिनीवर, भिंतीला आणि माणसांच्या बोटाला धरून.

एक प्रश्न

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात क्लायंट पहिल्या मीटिंगला पन्नास मागण्या घेऊन येतो आणि सगळ्यांपुढे ‘मस्ट हॅव’ लिहितो. मग आमचं काम एकच: प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारायचं, ‘हे नसेल तर नेमकं काय बंद पडेल?’ पन्नासातल्या चाळीसांवर क्लायंट गप्प होतो. बाळाच्या यादीला हाच प्रश्न विचारा. ही वस्तू नसेल तर बाळाच्या जिवाला, श्वासाला, पोटाला किंवा हाडांना काय होईल? आणि दुसरा, जो बायकांशिवाय कुणी विचारत नाही: ही नसेल तर बाळंतिणीच्या अंगावर किती काम वाढेल?

या दोन्हींचं उत्तर ‘काही नाही’ असेल तर ती वस्तू हौस आहे. हौस वाईट नसते. बारशाला वाळे घालतो, पाळण्याला फुलं बांधतो, ती हौसच. पण तिला गरज म्हणून विकलं की नकार देणारा माणूस निष्काळजी ठरतो. या यादीतलं सगळं अर्थकारण त्या भीतीवर चालतं.

आता एकेक ओळ घेऊ.

झोप

यादीत पहिलं फर्निचर असतं ते क्रिब. त्याच्यासोबत बंपर, उशी, दोन लोड, मऊ रजई. बाळाच्या झोपेबद्दल डॉक्टर जे सांगतात ते याच्या बरोबर उलट आहे. पाठीवर झोपवा, सपाट आणि घट्ट गादीवर झोपवा, आणि आजूबाजूला मऊ काहीही ठेवू नका, कारण तान्ह्या बाळाचं नाक कशात दबलं तर त्याला मान वळवून सुटता येत नाही. अमेरिकेत १९९४ साली बाळाला पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि झोपेत अचानक होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण पुढच्या वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं. हा बदल घडवायला कुठलंही यंत्र लागलं नाही. २०२२ साली तिथे कायदा होऊन ते गुबगुबीत बंपर आणि बाळाला तिरकं झोपवणारे पाळणे विकायलाच बंदी आली. आपल्याकडे बंपर अजून ‘आवश्यक’च्या यादीत आहेत. मोहरीच्या उशीचंही तेच. पहिल्या वर्षात उशी लागतच नाही, मोहरीची नाही आणि कापसाचीही नाही.

आता कुणी म्हणेल, म्हणजे आपली झोळीच बरी. थांबा, तिलाही तोच नियम लावा. साडीच्या झोळीत बाळाची पाठ गोल होते, हनुवटी छातीला टेकते, श्वासाची वाट अरुंद होते. तिरक्या पाळण्यांवर बंदी आली ती याच कारणाने. जागं माणूस शेजारी बसून झोका देत असेल तेव्हा झोळी ठीक आहे. बाळाला तिच्यात ठेवून बांधावर जाणं ठीक नाही. आजी करायची म्हणून एखादी गोष्ट सुरक्षित होत नाही, आणि परदेशातून आली म्हणूनही होत नाही.

मग हवं काय? आईच्या खोलीतच, हाताच्या अंतरावर, वेगळी सपाट जागा. घट्ट भरलेली छोटी गादी आणि वर ताणून खोचलेलं सुती कापड. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी खुशाल लाकडी पलंग करून घ्यावा. फक्त गजांमधून डोकं जाणार नाही एवढं बघावं. आणि एक वस्तू जी परदेशी यादीत जवळजवळ कधीच नसते: मच्छरदाणी. भाटघर आणि पानशेतच्या पाण्याकाठी, भातखाचरांच्या कडेला राहणाऱ्यांना तिचं महत्त्व सांगायला नको. आमच्याकडे डास एकटा नसतो, विंचूही असतो. वरंधा घाट उतरला की महाड; तिथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून किती जीव वाचवले ते सगळ्यांना माहीत आहे. दंशाआधीचा उपाय मात्र आपल्या हातात आहे: बाळाची गादी भिंतीपासून दूर आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचलेल्या.

दूध

बाटली, स्टरिलायझर, बाटली गरम ठेवायची पिशवी. इथे प्रश्न नुसता गरजेचा नाही, कायद्याचाही आहे. दुधाच्या बाटल्यांची आणि बाळाच्या पावडर दुधाची जाहिरात करायला भारतात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. तरीही ‘माझ्या आवडत्या पाच बाटल्या’ सांगणारी रील आपण निवांत बघतो. तुमच्या फीडमधली ती ताई कंपनीच्या पैशाने बाटल्यांची यादी सांगत असेल तर ती या कायद्याला वळसा घालते आहे, हे निदान आपल्याला माहीत असावं. हा कायदा कुणाच्या लहरीतून आलेला नाही. अस्वच्छ पाणी, पातळ केलेली पावडर आणि नीट न धुतलेली बाटली यांनी जगभर फार बाळं गेली, म्हणून तो आला.

अंगावर पाजणं जमत नसेल, दूध काढून पाजायचं असेल, तर वाटी-चमचा किंवा बोंडलं पुरतं. त्याला कोपरे नाहीत, ते उकळत्या पाण्यातून सहज साफ होतं. सहा महिन्यांनी ऑफिसला परतणाऱ्या आईला ब्रेस्ट पंप लागतो. ती तिची खरी गरज आहे, त्याला चोचले म्हणणाऱ्यांनी एक दिवस तिच्या जागी काढून बघावा. पण पंपाआधी त्या आईला काय लागतं? वेळेवर जेवण, पाणी, झोप, आणि पाजताना ‘दूध पुरत नाही वाटतं तुझं’ असं कुणी न म्हणणं.

या बाबतीत आमच्या तालुक्याची एक जुनी साक्ष आहे. १६५७ साली पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती साथ देत नव्हती. स्वराज्याच्या युवराजाला कुठली वस्तू कमी असणार? पण लागलं ते दूध आणि दूध देणारं माणूस, आणि ते कापूरहोळच्या धाराऊंच्या रूपाने मिळालं. पुणे-सातारा रस्त्यावरून भोरला वळताना आपण रोज त्या गावावरून जातो.

प्रवास

आता ज्या वस्तूवर पैसा खर्चायला हवा तिच्याकडे येतो. ती आहे कार सीट, आणि नेमकी तीच आपल्या याद्यांत तळाशी असते किंवा नसतेच.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे कितीतरी बाळांचा आयुष्यातला पहिला मोठा प्रवास पुण्याच्या दवाखान्यातून भोरला किंवा नसरापूरवरून वेल्ह्याला होतो. महामार्गावर ट्रक, पुढे वळणं. बाळ कुठे असतं? पुढच्या सीटवर आईच्या नाहीतर आजीच्या मांडीवर. “मी घट्ट धरलंय ना,” हे आपलं सुरक्षिततेचं तंत्रज्ञान.

हिशोब करू. गाडी ताशी ५० किलोमीटरने जाते आहे आणि आदळून एक दशांश सेकंदात थांबते. सात किलोचं बाळ हातात धरून ठेवायला तेव्हा जवळपास शंभर किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. तांदळाची पन्नास किलोची दोन पोती, तीही अचानक. आजीचं प्रेम कितीही असलं तरी हे तिच्या मनगटाला जमणार नाही. पुढची एअरबॅग उघडली तर आणखी वाईट. म्हणून मागच्या सीटवर, गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून पट्ट्यांनी बांधलेली कार सीट, पहिल्या दिवसापासून. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने १४ वर्षांखालच्या मुलाला सीटबेल्ट किंवा बालसुरक्षा आसनाशिवाय नेलं तर हजार रुपये दंडही आहे, पण दंडाच्या भीतीने कुणी हे करावं अशी वेळ यायला नको.

बऱ्याच स्ट्रोलरपेक्षा कार सीट स्वस्त मिळते. तरी स्ट्रोलर घेतला जातो, कारण तो फोटोत दिसतो. सिंहगड रोडच्या फुटपाथवर तो ढकलून दाखवा. वेल्ह्यातल्या वाडीची तर गोष्टच सोडा. तिथे बाळ कडेवर किंवा ओढणीच्या झोळण्यात फिरतं, आणि छान फिरतं.

ज्यांच्याकडे चारचाकी नाही त्यांचं काय? आमच्याकडे बहुतेक घरांत बाइकच आहे आणि बाळ दोघांच्या मध्ये असतं. दुचाकीवर चार वर्षांखालच्या मुलाला हार्नेसने बांधणं, नऊ महिन्यांपुढे हेल्मेट आणि वेग ४० च्या आत, असा केंद्राचा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. नऊ महिन्यांखालच्या बाळाला बाइकवर न नेणंच बरं, हे मला माहीत आहे आणि एसटी दिवसातून किती वेळा येते हेही माहीत आहे. म्हणूनच म्हणतो, वेल्ह्यातल्या आईच्या आवश्यक यादीत वेळेवर येणारी एसटी आहे. बाळ आजारी असेल तर १०८ नंबरची फुकट अँब्युलन्स आहे. ती मागताना संकोच करायचा नाही.

ऊब आणि लंगोट

नवजात बाळाचा खरा शत्रू गारठा. त्यावर कुंची, टोपडं, पायमोजे, दुपटं आणि आईचं अंग. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर पुरत नव्हते, म्हणून डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाच्या बाळांना आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून बांधायला सुरुवात केली. आज ‘कांगारू मदर केअर’ म्हणून ते सगळीकडे शिकवलं जातं. बापाच्या छातीनेही ते होतं. शेगडी आणि धुरी मात्र नको. बंद खोलीतला धूर त्या एवढ्याशा फुप्फुसांना सोसत नाही. काजळही नको, त्यात शिसं असू शकतं.

कपड्यांसाठी आपल्याकडे बाळंतविडा होताच. घरातल्या आधीच्या बाळाची, शंभरदा धुऊन मऊ झालेली झबली पुढच्याला जायची. तीन महिन्यांत लहान होणाऱ्या कपड्यांसाठी याहून चांगली व्यवस्था अजून कुणी काढलेली नाही.

पण डायपरवर मी नाक मुरडणार नाही. वेल्ह्याच्या पावसात जून ते सप्टेंबर लंगोट वाळत नाहीत. ओल्या लंगोटांच्या ढिगाकडे बघून ‘आमच्या वेळी नव्हते हो डायपर’ म्हणणाऱ्याने तो ढीग कधी धुतलाय का, एवढंच विचारावं. बाईच्या पाठीवर उभी असलेली साधी राहणी मला नको. परवडत असेल तर रात्रीला आणि प्रवासाला डायपर, दिवसा लंगोट, आणि धुणं बापाकडे.

ज्या पिशवीत बाळं वाचली

‘आवश्यक’ म्हणजे काय, हे मोजून दाखवलेलं काम आपल्याच राज्यात झालं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेणारी रचना उभी केली. गावातलीच बाई, तिला प्रशिक्षण, आणि तिच्या पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर, ऊब देणारी झोपपिशवी, श्वास अडकला तर द्यायचं साधन, जंतुसंसर्गावरचं औषध. नवजात बाळांचा मृत्युदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने ते छापलं. त्यातूनच पुढे देशभर आशाताईंच्या गृहभेटी सुरू झाल्या: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस.

त्या पिशवीतली बरीचशी वस्तू यादीतल्या एका स्ट्रोलरच्या किमतीत बसेल. ती वापरता येणारं माणूस मात्र कुठल्या कार्टमध्ये टाकता येत नाही. यादी लिहिणाऱ्यांना ते विकता येत नाही, म्हणून ते यादीत नसतं.

आणि याच जागी आपण, पगारदार तरुण आईबाप, सोयीस्कर गप्प बसतो. २०१७ पासून नोकरदार आईला २६ आठवडे पगारी रजा आहे. खासगी कंपनीतल्या बापाला रजा द्यायलाच हवी असा कायदा देशात नाही. शेतावर मजुरी करणाऱ्या आईला पहिल्या मुलासाठी मातृवंदना योजनेचे पाच हजार, तेही हप्त्यांत. बेबी मॉनिटर घ्यायला आपण मागेपुढे बघत नाही, पण ‘मला चार आठवडे घरी राहायचंय’ हे मॅनेजरला म्हणायला घसा कोरडा पडतो. बाळाकडे बघायला कॅमेरा लागतो, कारण बघणारं माणूस ऑफिसात आहे.

मामेबहिणीला मी फोनवर जी यादी सांगितली, तीच इथे देतो. सपाट घट्ट गादी. मच्छरदाणी. डिजिटल थर्मामीटर. कुंची, दुपटी, जुनी मऊ झबली. वाटी-चमचा. पावसाळ्यात डायपर. आशाताईंचा नंबर आणि १०८. चारचाकी असलेल्यांनी यात कार सीट घालायची. तीही नवी, किंवा जिचा अपघात झालेला नाही याची खात्री आहे अशा घरातली. उरलेलं सगळं हवं असेल तर घ्या, हौसेने घ्या.

बारशाला ‘काय आणू?’ असं विचारणारे असतातच. मामा, काका, मित्र यांनी मिळून एक कार सीट द्यावी. आणि ज्याला काहीच परवडत नाही त्याने एक दुपार येऊन बाळाला घ्यावं, म्हणजे तिला सलग तीन तास झोपता येईल.